इंदूरमध्ये नवे आहात? बाहेरचं खाऊन आजारी पडलात, तर पहिल्या दिवशी काय कराल

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. दरवर्षी जळगाव, अकोला, नांदेडकडची मुलं तिथं राहायला येतात. कुणी भंवरकुआला क्लाससाठी, कुणी विजयनगरला पहिल्या नोकरीसाठी. किल्ली देताना मी त्यांच्या हातात ओआरएसची चार पाकिटं आणि एक वही ठेवते. पाकिटं कशाला, ते कुणी विचारत नाही. वही कशाला, ते सगळे विचारतात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वरच्या तिघांनी आणि त्यांच्या एका मैत्रिणीनं आदल्या रात्री सराफ्यात (सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत) दहीवडे खाल्ले होते. दुसऱ्या रात्री साडेआठला तिघांनी डब्यातली पनीरची भाजी खाल्ली. मैत्रीण डबा घेत नव्हती. साडेअकराच्या सुमारास तिघंही एकापाठोपाठ ओकायला लागले. सकाळी सलाइन लावून घरी आले तेव्हा तिघांचंही एकच म्हणणं: "काकू, सराफ्याचे दहीवडे बाधले." दोन दिवस त्यांनी त्या दहीवडेवाल्याला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी मी कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि कुणी काय खाल्लं ते लिहिलं. दहीवडे चौघांनी खाल्ले होते आणि चौथी ठणठणीत होती. पनीर फक्त आजारी पडलेल्या तिघांनी खाल्लं होतं. पण तोवर मेसची भांडी घासून झाली होती, उरलेली भाजी मुलांनीच फेकली होती. बिल कधी मिळालंच नव्हतं. डॉक्टरांच्या पर्चीवर 'गॅस्ट्रो' एवढंच होतं आणि काय खाल्लं त्याचा एक शब्दही नव्हता. कायदा आमच्या बाजूनं होता, पण त्याच्यापुढं ठेवायला आमच्या हातात काहीच नव्हतं.

तेव्हापासून मी वही देते. पुढचं सगळं त्या वहीबद्दलच आहे.

आधी शहराचा आणि ताटाचा अंदाज घ्या

इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ती स्वच्छता रस्त्याची, कचऱ्याची. पाणीपुरीच्या माठातल्या पाण्याला कुणी नंबर दिलेला नाही. २०२५ च्या डिसेंबरअखेर शहरातल्याच भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं, घरोघरी माणसं आजारी पडली, काही दगावली. शहराला नर्मदेचं पाणी जलूदहून, म्हणजे सत्तरेक किलोमीटरवरून येतं. त्यात कुठं बोअरचं, कुठं टँकरचं. खोली भाड्यानं घेताना पंखे-लाइट बघता तसं "प्यायचं पाणी कुठलं?" हेही विचारा आणि शंका असेल तर उकळून प्या.

खाण्याबद्दल बाहेरून आलेल्यांचा एक ठाम समज असतो: रस्त्यावरचं वाईट, एसी हॉटेलातलं चांगलं. जंतूंना हा फरक कळत नाही. त्यांना तापमान कळतं. ५ अंशांच्या खाली आणि ६० अंशांच्या वर त्यांची वाढ जवळजवळ थांबते. मधल्या पट्ट्यात शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त पडून राहिलं की धोका सुरू होतो. उन्हाळ्यात तर त्याच्याही आधी.

या फूटपट्टीनं इंदुरी ठेला वाचता येतो. इथले पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या परातीत वाफेवरच असतात. म्हणून सकाळचे पोहे हा या शहरातला सर्वांत निर्धास्त नाश्ता, असं माझं मत आहे. शेव, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इथला मसाला) हेही कोरडेच. शंका घ्यायची तर वरून भुरभुरलेल्या, पहाटेच चिरून ठेवलेल्या कांद्याची आणि तो टाकणाऱ्या हाताची. त्याच हातानं सुटे पैसे घेतले जातायत का बघा. गराडू (एक कंद) समोर तळून देतात, ठीक. भुट्ट्याचा कीस मोठ्या तव्यावर सतत गरम असेल तर ठीक. कोपऱ्यात गार झालेला ढीग वाढत असतील तर "भिया, गरम में से दो" म्हणा, कुणी रागावत नाही. सराफा दागिन्यांची दुकानं मिटल्यावर, नऊनंतर रंगात येतो. गर्दीच्या वेळी माल पटापट संपतो, म्हणून ताजा असतो. मध्यरात्रीनंतर उरलेलं संपवायची घाई असते, तेव्हा दुधाचं आणि माव्याचं मी टाळते.

खरी नजर ठेवायची ती चार गोष्टींवर: बर्फ, पाणी, मावा-पनीर आणि भात. बर्फ कुठल्या पाण्याचा, हे ठेलेवाल्यालाही सांगता येत नाही. माव्याच्या मिठाईवर कापणाऱ्याच्या बोटाच्या जखमेतले जंतू बसले आणि ती चार तास बाहेर राहिली, तर त्यात विष तयार होतं. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भाताचंही तसंच. दुपारी शिजवून रात्री फोडणी दिलेला भात चवीला छान लागतो, पण दुपारभर तो ओट्यावर होता की फ्रीजमध्ये, यावर सगळं अवलंबून.

सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. तारीख नसेल तर विचारा. वर्तमानपत्राच्या कागदावर पोहे देणं इथं जुनी सवय. अन्न वर्तमानपत्रात देण्याला आता नियमानं मनाई आहे. तेलाच्या काळेपणाबद्दलही पुष्कळ बोलता येईल, पण त्यानं होतं ते नुकसान हळूहळूचं. आजच्या विषयातलं नाही.

आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक. पाटीवर असतो, बिलावर छापणं २०२२ पासून सक्तीचं आहे. छोट्या ठेल्यालाही नोंदणी लागते, घरगुती टिफिन सेंटरलाही लागते. डबा लावण्यापूर्वी हा क्रमांक मागा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तो असला म्हणजे जेवण चांगलंच असेल असं नाही, पण उद्या तक्रार कुणाविरुद्ध करायची, त्याचं नाव-पत्ता त्यामागे असतो.

शेवटचं खाल्लेलंच बाधलं, असं समजू नका

नव्वद टक्के भांडणं चुकीच्या दुकानदाराशी होतात, असं मी हिशेब न ठेवताच म्हणते. माणूस आठवतो ते शेवटचं खाणं. पण प्रत्येक जंतूचं स्वतःचं घड्याळ असतं.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत जोरदार उलट्या, ताप फारसा नाही, तर संशय तयार विषावर: मावा, पनीर, क्रीम, भात. आमच्या तिघांचं बहुतेक हेच होतं. सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब, उलटी कमी, तर मोठ्या पातेल्यात शिजवून हळूहळू गार झालेलं अन्न आठवा: लग्नातली भाजी, भंडाऱ्यातली डाळ, मटणाचा रस्सा. ताप आणि जुलाब एक-दोन दिवसांनी सुरू झाले तर साल्मोनेला नावाचा जंतू किंवा तसलं काही, आणि तेव्हा आज सकाळचे पोहे बिचारे निर्दोष असतात. टायफॉइडला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, काविळीच्या हेपटायटिस-एला दोन ते सात. त्यामुळे दिवाळीत घरी गेल्यावर कावीळ झाली, तर त्याचं मूळ इंदुरात असू शकतं.

म्हणून वहीत निदान मागचे तीन दिवस लिहा. उभे रकाने: तारीख, वेळ, पदार्थ, ठिकाण, बरोबर कोण होतं, ते आजारी आहेत का. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. जे आजारी *पडले नाहीत* त्यांनी काय खाल्लं नाही, यावरूनच गुन्हेगार पदार्थ सापडतो. साथीचा शोध घेणारे सरकारी डॉक्टरही हेच करतात, फक्त त्यांचा तक्ता मोठा असतो.

पहिली रात्र

आधी जीव, मग पुरावा. ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला. काही पाकिटं एक लिटरची असतात, काही २०० मिलिलिटरची. मुलं लिटरचं पाकीट ग्लासात ओततात आणि आणखी ओकतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. दुकानातल्या फळांच्या चवीच्या गोड डब्यांना ओआरएस समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला एफएसएसएआयनं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती उगाच नाही. ओकारी आली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट.

जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका, विशेषतः ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर. आणि पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा एमवायला (इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात), नाहीतर जवळच्या दवाखान्यात जा: शौचात रक्त, १०२ च्या वर ताप, पाणीही न टिकणं, सहा-आठ तास लघवी नाही, गुंगी, धूसर दिसणं किंवा गिळता न येणं. गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस असेल तर यातलं काहीच नसलं तरी दाखवा.

दवाखान्यात तीन गोष्टी मागून घ्यायच्या, आणि इथंच बहुतेकांचा दावा बुडतो. एक, काय, कुठं, किती वाजता खाल्लं हे डॉक्टरांना पर्चीवर लिहायला सांगा. 'अन्नातून विषबाधेचा संशय' असे शब्द आले तर उत्तम. संकोचू नका, रुग्णानं सांगितलेली हकीगत लिहून घेणं हे त्यांचंच काम आहे. दोन, अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी शौचाची कल्चर तपासणी (नमुन्यातला जंतू वाढवून ओळखण्याची) होईल का, ते विचारा. गोळी पोटात गेल्यावर जंतू सापडण्याची शक्यता घटते, आणि तुमच्या पोटात व त्यांच्या पातेल्यात एकच जंतू होता हे दाखवण्याचा सर्वांत पक्का रस्ता बंद होतो. तीन, प्रत्येक बिल, प्रत्येक रिपोर्ट. सलाइनच्या बाटलीचंसुद्धा.

त्याच रात्री जपून ठेवायचं ते

उरलेलं अन्न फेकू नका. आहे त्या डब्यासकट स्वच्छ पिशवीत घाला, तोंड बांधा, वर तारीख-वेळ लिहा, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा. आमच्याकडे एकदा असा जपलेला पुरावा कामवालीनं साफसफाईत कचऱ्यात टाकला.

पाकिटातलं असेल तर पाकीट जपा. बॅच क्रमांक त्यावरच असतो. कायद्यानं एका बॅचमधला काही भाग असुरक्षित निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अख्खी बॅच असुरक्षित धरली जाते. म्हणजे पाकीट फेकणं म्हणजे आपली बाजूच फेकणं.

बिल नसेल तर? ठेल्यावर बिल कोण देतं! यूपीआयचा तपशील चालतो. पैसे मालकाच्या बायकोच्या किंवा पुतण्याच्या खात्यात गेले असले तरी वेळ आणि रक्कम त्यात असते. ऑनलाइन मागवलं असेल तर ऑर्डरचं पान लगेच मोबाइलवर टिपून ठेवा. टिफिनवाल्याशी झालेलं चॅट पुसू नका. दुकानाचा, पाटीवरच्या क्रमांकाचा फोटो दुसऱ्याच दिवशी काढा. बरोबर खाल्लेल्या लोकांची नावं-नंबर वहीत आत्ताच लिहा. महिन्याभरानं ती आठवणीतून आणि शहरातून निघून जातात.

दुकानदाराकडे जाऊन आरडाओरडा करू नका. तो बिचारा असेल किंवा बेरकी असेल. दोन्हीकडे परिणाम एकच, उरलेला माल गटारात. मालक चांगला निघाला आणि दवाखान्याचे पैसे देऊ म्हणाला, तर जरूर घ्या, पण 'माझी आता कुठलीही तक्रार नाही' अशा कागदावर आजारी अवस्थेत सही करू नका.

तक्रार: कुणाकडे आणि कधी

चोवीस तासांच्या आत. कारण तपासणी अधिकारी उद्या गेला तर त्याला उद्याचं अन्न सापडेल, पण पाणी, मावा, तेल, फ्रीज, आजारी आचारी हे आजचेच असतील.

जिल्ह्यात खाद्य सुरक्षा अधिकारी असतात, त्यांचा कारभार कलेक्टर कचेरीच्या अखत्यारीत चालतो. इंदूरची कचेरी मोती तबेल्याला. एफएसएसएआयची हेल्पलाइन १८००११२१००, तिचं 'फूड सेफ्टी कनेक्ट' हे अ‍ॅप आणि राज्याची सीएम हेल्पलाइन १८१, यांतल्या कुठूनही तक्रार त्यांच्यापर्यंत जाते. मी सांगेन की १८१ वर करा आणि लेखी अर्ज हातानंही द्या. मंगळवारी कचेरीत जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोर ऐकण्याचा कार्यक्रम, असते. अर्ज हिंदीत लिहा, काम लवकर होतं. आपल्या प्रतीवर 'पावती' मागायला लाजू नका. हा शब्द इथल्या हिंदीतही जसाच्या तसा चालतो.

अर्जात मोजकं लिहा: कोण, कधी, काय खाल्लं, किती तासांनी काय झालं, कितीजण आजारी, दवाखाना कुठला, अन्न शिल्लक आहे का. 'विष घातलं', 'भेसळखोर' असले शब्द नकोत. सोशल मीडियावर तर मुळीच नकोत; जे सिद्ध झालं नाही ते लिहून उलट बदनामीची नोटीस ओढवून घेऊ नका.

आता एक खोच. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतःही फी भरून पदार्थ सरकारमान्य विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि पदार्थ खराब निघाला तर फी परत मिळते. पण अट अशी की विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं, 'मी हे तपासायला नेतोय.' पाणीपुरी खाताना असं कोण सांगतं? त्यामुळे फ्रीजमधला तुमचा डबा या कलमात बसत नाही. अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेल्या नमुन्याचं वजन त्याला नाही. तरी तो फुकट जात नाही: ग्राहक आयोगाला (ग्राहकांचे दावे चालतात ते न्यायपीठ) वाटलं तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि तुमचा आजार, तक्ता, बाकीच्यांचे जबाब यांच्या जोडीला तो उभा राहतो. दुसरी वाट म्हणजे, त्याच मेसमधून पुढच्या आठवड्यात सांगून-सवरून विकत घेऊन नमुना देणं. जरा नाटकी वाटतं, पण कायद्यात आहे.

पोलीस ठाण्यात जावं का? कुणाचा मृत्यू झाला किंवा जाणूनबुजून काही घातल्याचा संशय असेल, तर जावंच. एरवी अन्न असुरक्षित असण्याच्या गुन्ह्यासाठी खाद्य सुरक्षा अधिकाऱ्याचं टेबलच महत्त्वाचं. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२४ मध्ये हा विशेष कायदा जुन्या दंड संहितेतल्या भेसळीच्या कलमांवर मात करतो, असं स्पष्ट केलं आहे.

जबाबदार नक्की कोण?

मुलांना वाटतं, ज्यानं हातात प्लेट दिली तो. कायदा त्याहून लांब बघतो. २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, जो ५ ऑगस्ट २०११ पासून १९५४ च्या जुन्या भेसळ कायद्याच्या जागी आला, त्याच्या कलम २७ मध्ये बनवणारा, पॅक करणारा, घाऊक विक्रेता, वितरक आणि किरकोळ विकणारा अशी साखळीच मांडली आहे. बनवणारा त्याच्या मालासाठी जबाबदार. विकणाऱ्यानं मुदत संपलेलं विकलं, घाणीत ठेवलं, कुणी बनवलं हेच सांगता येत नसेल किंवा असुरक्षित आहे हे माहीत असूनही घेतलं, तर तो जबाबदार. समजा मेसवाल्यानं पनीर बाहेरून आणलं आणि ते मुळातच खराब होतं. मग त्यानं ते कुणाकडून आणलं याचं बिल दाखवलं आणि आपण सर्व काळजी घेतली हे सिद्ध केलं, तर त्याला बचाव आहे. बिल नसेल तर पुरवठादारही सुटतो आणि ओझं मेसवाल्याच्याच डोक्यावर येतं. म्हणून माझ्या ओळखीच्या एका टिफिनवाल्या ताईंना मी सांगते, पनीरची चिठ्ठीसुद्धा पिनेला लावून ठेवा. हा कायदा त्यांच्याही कामाचा आहे.

'पाणी महापालिकेचं होतं, मी काय करू?' हे उत्तर पूर्ण चालत नाही. कायद्यातल्या 'अन्न' या शब्दात पदार्थ बनवताना वापरलेलं पाणीही येतं. त्या पाण्याची पाणीपुरी विकली की ती जबाबदारी विकणाऱ्याचीही.

फुकटच्या भंडाऱ्याचं काय? अन्न व्यवसायाच्या व्याख्येत 'नफ्यासाठी असो वा नसो' असं म्हटलंय, म्हणजे अन्न सुरक्षा कायदा तिथंही पोचू शकतो. पण ग्राहक कायद्यात तुम्ही 'ग्राहक' ठरायला कुणीतरी मोबदला दिलेला असावा लागतो. लग्नात पाहुण्यानं पैसे दिले नाहीत, तरी यजमानानं केटररला दिलेत. पाहुणा हा त्या सेवेचा लाभार्थी म्हणून तक्रार करू शकतो. पीजीच्या भाड्यात जेवण धरलेलं असेल तर तेही फुकट नव्हे, हे मालकानं (म्हणजे मीही) लक्षात ठेवावं.

ऑनलाइन मागवलेलं असेल तर हॉटेल आणि अ‍ॅप, दोघांनाही लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. कूपन देऊन गप्प बसवलं जातं. दोनशेचं कूपन आणि चार हजारांचं दवाखान्याचं बिल यांची सांगड घालू नका.

पैसे: किती आणि कुठून

वाटा दोन आहेत आणि मुलं त्यांची गल्लत करतात.

पहिली अन्न सुरक्षा कायद्याची. दंड आणि तुरुंग सरकारच्या कारवाईतून. असुरक्षित अन्नानं इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड, गंभीर इजेला सहा वर्षं आणि पाच लाखांपर्यंत, मृत्यू झाला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि दंड किमान दहा लाख. ही रक्कम तुमच्या खिशात येत नाही. तुमच्यासाठी कलम ६५ आहे: मृत्यूला किमान पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत, बाकीच्या इजेला एक लाखापर्यंत भरपाई. ती घटनेपासून सहा महिन्यांच्या आत द्यावी आणि मृत्यू झाल्यास वारसाला तीस दिवसांत अंतरिम मदत मिळावी, असं कायदा म्हणतो. कचेरीच्या वेगाचा अनुभव असलेल्यांनी या मुदतीची आठवण अर्जात स्वतःच करून द्यावी.

दुसरी वाट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची. इथं तुम्ही स्वतः दावा करता: दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, चुकलेली परीक्षा, मनस्ताप. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. पुष्कळ कंपन्या तिथंच मिटवतात. नाही मिटलं तर दुकानदाराला स्पीड पोस्टानं नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मग जिल्हा आयोग. वकील लागत नाही. वस्तूची किंवा सेवेची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य, आणि लक्षात घ्या, ही मोजणी तुम्ही दिलेल्या किमतीवर होते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ऐंशी रुपयांचा डबा खाऊन दोन लाख मागितले तरी फी शून्यच. अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतो.

इथं संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही. असं घडलं असण्याचीच शक्यता जास्त, एवढं दाखवावं लागतं. ते दाखवतो आपला तक्ता: तिघांनी खाल्लं, तिघं त्या जंतूला लागतात तेवढ्याच तासांत आजारी, चौथीनं खाल्लं नाही, ती बरी. वर डॉक्टरची पर्ची, कल्चर रिपोर्ट, यूपीआयची वेळ. समोरचा म्हणणारच, "त्यांनी दुसरीकडंही खाल्लं असेल." म्हणून तीन दिवसांचं *सगळं* लिहा, सराफ्याचे दहीवडेसुद्धा. लपवलेलं पुढं आलं की बाकीचंही कुणी खरं धरत नाही.

बाहेरगावच्या मुलांसाठी या कायद्यातली सर्वांत चांगली सोय: तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. क्लास संपवून अकोल्याला परतलात तर अकोल्याच्या आयोगात करा, इंदूरला खेपा घालायची गरज नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर आजारी पडल्याची तारीख लिहून तिच्याखाली आणखी दोन तारखा लिहा. एक वर्षानंतरची: अन्न सुरक्षा कायद्याखाली कोर्टात खटला दाखल व्हायची नेहमीची मुदत, म्हणून अधिकाऱ्याच्या मागे त्याआधी लागायचं. दोन वर्षांनंतरची: ग्राहक आयोगात जायची मुदत. आणि वही खोली सोडताना इथं विसरून जाऊ नका. आत्तापर्यंत तीन वह्या माझ्या कपाटात पडून आहेत.